जुन्या मारुती एट हंड्रेडचा रेडिएटर पंखा फिरत नाही, मोटर घेण्याआधी काय तपासावं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची एट हंड्रेड, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाने पेट्रोल सोडणारी), एसीवाली, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. गाव दर्यापूर तालुक्यात.

त्रास असा आहे. रोडवर ५०-६० ने चालवली की तापमानाचा काटा अर्ध्याच्या खालीच राहतो. फाटकावर किंवा बाजार समितीच्या गेटवर दहा मिनिटं उभी राहिली की काटा लाल पट्टीकडे सरकतो. त्या वेळी बोनेट उघडून पाहिलं तर रेडिएटरचा पंखा बंद. कधी जेमतेम फिरताना दिसतो, पाती मोजता येतील इतका हळू. सकाळी मात्र एखाद्या वेळी नीट फिरतो. एसी लावला की कंडेन्सरचा (एसीच्या जाळीचा) पंखा फिरतो, रेडिएटरचा नाही.

फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत आहे. मेकॅनिकने तापमानाचा सेन्सर मीटरवर लावला, १.१ किलोओहम दाखवला. अडीच पाहिजे होता म्हणून बदलून दिला. फरक काहीच नाही. आता तो म्हणतो मोटर गेली, नवीन टाका. घरी डिजिटल मल्टिमीटर आहे, बोअरच्या स्टार्टरसाठी घेतलेला. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी हे निपटवायचं आहे. मोटर खरंच गेली की नाही हे घरच्या घरी कसं ठरवायचं? रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी आहे, हेही सांगून ठेवतो.

ऑटोइलेक्ट्रिक वर्धा

भाऊ, लक्षणं व्यवस्थित लिहिली, त्यामुळे अर्धं काम झालं. चालताना थंड आणि उभी राहिली की गरम, ही पंख्याचीच खूण. वेगात समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. हेच उलट असतं, म्हणजे उभी ठीक आणि रोडवर गरम, तर चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याचा रस्ता उघडणारी झडप) किंवा वॉटर पंप पाहायला सांगितलं असतं.

वायरला हात लावायच्या आधी इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का बघा. बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नका. झाकणाचं रबर गेलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं सर्रास होतं. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं असलं तरच त्याला खरं तापमान कळतं. तिथे हवेचा बुडबुडा अडकला असेल तर इंजिन उकळत असतं आणि सेन्सर मात्र अजून गरम झालं नाही असंच सांगत असतो. मग पंखा कितीही चांगला असला तरी चालू होणार नाही.

आता सर्किट. त्याचे तीन तुकडे मनात पाडा. पहिला तुकडा मोटर. दुसरा, बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) यांच्यामार्गे मोटरपर्यंत येणारा जाड वायरचा रस्ता. तिसरा, रिलेला चालू हो म्हणून सांगणारी बारीक वायर, म्हणजे सेन्सर आणि ईसीएम (इंजिनचा संगणक). जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ईसीएमच्या जागी थर्मो स्विच असतो. तो ९५ डिग्रीच्या आसपास आतून जुळतो आणि रिलेला अर्थ देतो. तुमच्या मेकॅनिकने तिसऱ्या तुकड्यापासून सुरुवात केली. सुरुवात मोटरपासून करा, कारण ती पाच मिनिटांत कळते.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. पंखा हाताने फिरवा. सहज फिरून थोडं पुढे जाऊन थांबला पाहिजे. जड लागला, घासल्याचा आवाज आला किंवा पातं वरखाली हललं तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) गेला. पात्याचा मधला नट ढिला नाही ना, हेही बघून घ्या. नट ढिला असेल तर मोटर फिरते आणि पातं जागेवरच राहतं. नट सोडवायची वेळ आली तर आधी चूडी उलटी आहे का ते पाहा, बऱ्याच पंख्यांना उलटी असते.

मग मोटरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढा आणि मोटरला सरळ बॅटरीवरून करंट द्या. वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि पॉझिटिव्हच्या बाजूला १५ अँपियरचा फ्यूज घाला. बारीक वायरने हा प्रयोग करू नका. ती स्वतःच अर्धे व्होल्ट खाते आणि चांगली मोटर आजारी वाटते. वायर उलटी जोडली गेली तर मोटर जळत नाही, फक्त उलटी फिरते. दिशा बरोबर आहे का हे बघायला वहीचा एक कागद समोरच्या जाळीवर धरा. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद चिकटून राहील. उलटा असेल तर उडून जाईल.

जोरात फिरला तर मोटर चांगली आहे, नवीन घेऊ नका. फिरला नाही आणि ठिणगीही पडली नाही तर आत कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) टेकत नाही आहेत. फ्यूज उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायंडिंग शॉर्ट.

गरम इंजिनजवळ पंख्यात हात घालू नका. काही गाड्यांत चाबी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

वायंडिंगवाला मोर्शी

दादा, वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मोटरबद्दल एक जोडतो. डायरेक्ट देऊनही नाही फिरला त लगेच फेकू नका. मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हळू टकटक करा. टकटक केल्यावर फिरायला लागला म्हणजे कार्बन घासून छोटे झाले नाही त त्यांच्या खोबणीत अडकून राहिले. स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, दाबू शकत नाही. हे काम गावातला वायंडिंगवाला करून देते. जो मिक्सर-ड्रिलच्या मोटरी बांधते त्याच्याकडे कार्बनचे तुकडे असतातच. थोडा मोठा कार्बन घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात बसवता येते. खोबणीत तो बिलकुल अटकला नाही पाह्यजे, बोटाने सोडला की सरकन खाली आला पाह्यजे. जुन्या कार्बनची बारीक तांब्याची वेणी आहे तशीच नव्याला पाह्यजे, नाही त करंट स्प्रिंगमधून जाते आणि स्प्रिंग लाल होऊन मऊ पडते.

कम्युटेटर काळा झाला असन त बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ करा. पट्ट्यांच्या मधल्या फटीत कार्बनची भुकटी बसलेली असते, ती दाभणाने काढा. बुशला ग्रीस नका भरू. पितळी बुश तेल पिते, दोन-तीन थेंब इंजिन ऑइल पुरे. जास्त तेल कम्युटेटरवर गेलं की भुकटीसोबत चिखल होते आणि मोटर पुन्हा बंद.

एक अजून. पाणबुडीवाल्यांकडे चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर असते, त्याने पंख्याचे अँपियर मोजायला जाल त शून्य दाखवन. बहुतेक साधे क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात. गाडीला डीसी मोजणारा लागते.

काळीमाती यवतमाळ

माझं मत, इतकी उठाठेव कशाला? पंख्याला डॅशबोर्डवर स्विच लावून डायरेक्ट करून घ्या, आणि उन्हाळाभर थर्मोस्टॅट काढून ठेवा. आमच्याकडे बहुतेक जुन्या गाड्या अशाच चालतात आणि कोणाचं इंजिन बसलं नाही.

ऑटोइलेक्ट्रिक वर्धा

काळीमाती दादा, तुमचा हेतू चांगला आहे, गाडी रस्त्यात उकळू नये हाच. पण दोन्ही गोष्टींत धोका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्विच लावून डायरेक्ट करायचं असेल तर पंख्याचा सगळा करंट त्या छोट्या स्विचमधून नेऊ नका. असा पंखा ७ ते १० अँपियर घेतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट. डॅशबोर्डचा साधा स्विच आतून काळा पडतो, मग वितळतो. वायर डॅशबोर्डखाली असते, म्हणजे धूर थेट गाडीत. स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवायची. तिला पाव अँपियरही लागत नाही. दुसरं, स्विच चालू राहून गेला तर ८ अँपियरचा पंखा ३५ अँपियर-अवरची बॅटरी चार-साडेचार तासांत रिकामी करतो. लग्नाला गेलात आणि मांडवाबाहेर गाडी उभी केलीत तर परत येईपर्यंत सेल्फ लागणार नाही. तिसरं आणि महत्त्वाचं, माणूस स्विच दाबायला विसरतो. घाटात बोलता बोलता काटा लाल पट्टीत गेलेला कळतच नाही, आणि इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं. अडचणीच्या दिवसापुरतं हे ठीक आहे, कायमचं नको.

थर्मोस्टॅटचं तर मुळीच करू नका. तो साधारण ८२ किंवा ८८ डिग्रीला उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो काढला की डिसेंबरात पहाटे इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त देत राहतो आणि ॲव्हरेज पडतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट भांड्यात पाणी घेऊन दोऱ्याला टांगून गरम करा. पाणी उकळायला येईपर्यंत तो पूर्ण उघडला पाहिजे, थंड झाल्यावर बंद झाला पाहिजे. उघडला नाही तर नवीन टाका, पण जागा रिकामी ठेवू नका.

नकाशावाचक अकोला

पूर्णाकाठ दादा, सेन्सरबद्दल आधी बोलतो, कारण ते वाचून वाईट वाटलं. या सेन्सरचा ओहम तापमान वाढलं की कमी होतो. पुस्तकातला अडीच किलोओहमचा आकडा २० डिग्रीचा आहे. ४० डिग्रीला तोच सेन्सर १.१ च्या आसपास दाखवतो, ८० डिग्रीला ०.३ च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच ४२-४३ डिग्री असतं. १.१ दाखवणारा तुमचा सेन्सर अगदी बरोबर होता. विदर्भातल्या उन्हाळ्यात २० डिग्रीच्या आकड्याशी तुलना करून चांगले सेन्सर फेकले जातात. जुना ठेवला असेल तर डिकीत जपून ठेवा. तपासायचाच असेल तर मडक्याच्या पाण्यात बुडवून एक रीडिंग आणि उकळत्या पाण्यात दुसरं, अशी दोन घ्या. दुसरं पाव किलोओहमच्या खाली आलं आणि मध्ये उडी मारली नाही तर सेन्सर चांगला.

काट्याचा सेन्सर वेगळा, ईसीएमचा वेगळा, हेही लक्षात ठेवा. एका वायरचा असतो तो काट्यासाठी, दोन वायरचा ईसीएमसाठी. काटा बरोबर चालतो म्हणून ईसीएमलाही बरोबर कळतं असं नाही.

आता तुमच्या लक्षणातला खरा धागा: पंखा कधी कधी जेमतेम, पाती मोजता येतील इतका हळू फिरतो. सेन्सर, ईसीएम किंवा रिलेची कॉइल बिघडली तर पंखा पूर्ण बंद राहतो किंवा पूर्ण फिरतो. अधलंमधलं काही होत नाही. हळू फिरणं म्हणजे मोटर कमजोर, नाहीतर तिच्यापर्यंत व्होल्ट पोचत नाहीत. वर सांगितलेला डायरेक्ट प्रयोग केला की या दोन्हीतलं कोणतं ते ठरेल.

मोटर चांगली निघाली तर पुढचं माप असं घ्या. सेन्सरचा कपलर काढून चाबी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत सेन्सर तुटला असं समजून ईसीएम स्वतःहून पंखा चालू करतो. इंजिनचा पिवळा दिवा लागेल, घाबरू नका. रिलेवर बोट ठेवलं तर टक असा धक्का जाणवेल. टक आलं म्हणजे तिसरा तुकडा पास. टक आलं नाही तर रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचांत त्याच जाड वायरचा तुकडा लावून पंखा चालवा. नंबर रिलेच्या तळाशी लिहिलेले असतात. पाच पायांचा रिले असेल तर मधला ८७ए सोडून द्या.

आणि हे नीट वाचा. व्होल्टेज पंखा जोडलेला असताना मोजा. कपलर काढून मोजलं तर जळलेल्या, एका धाग्यावर लटकलेल्या वायरवरही मीटर १२.४ दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. ढिल्या सांध्याची चोरी करंट वाहायला लागल्यावरच उघडी पडते. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. प्रोबला टाचणी बांधून कपलरच्या मागून वायरच्या रबराशेजारी आत सरकवा, म्हणजे कपलर न काढता मोजता येईल. तीन आकडे कळवा:

बॅटरीच्या दोन टोकांवर किती.
मोटरच्या दोन वायरांमध्ये किती.
मोटरच्या काळ्या वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती.

मीटरच्या १० अँपियरच्या सॉकेटमधून पंख्याचा करंट मोजू नका. सुरुवातीच्या झटक्याने मीटरचा आतला फ्यूज उडतो, आणि बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजच नसतो.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आज सकाळी केलं.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता. पाणी मात्र विटकरी, झाकणाच्या रबराला पांढरा थर. पंखा हाताने सहज फिरतो. डायरेक्ट बॅटरीवरून दिला तर जोरात फिरला, कागद जाळीला चिकटला. थोडा कुरकुर आवाज आहे.

सेन्सरचा कपलर काढून चाबी ऑन केली. रिले टक करतो. पंखा अगदी हळू. आकडे: बॅटरीवर १२.३, मोटरच्या दोन वायरांत ५.१, काळ्या वायरपासून निगेटिव्हपर्यंत ०.१. रिले काढून ३० आणि ८७ जोडले तरी पंखा तसाच हळू.

नकाशावाचक अकोला

झकास. याहून स्वच्छ आकडे मिळणार नाहीत.

१२.३ मधून मोटरला ५.१ मिळाले. अर्थच्या बाजूला ०.१ गेला, तो चालतो, ०.२ पर्यंत ठीक. उरलेले ७.१ व्होल्ट बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी खाल्ले जात आहेत. रिले बाजूला काढला तरी तसंच, म्हणजे रिलेही निर्दोष. राहिले फ्यूज, फ्यूजची खाच, फ्यूजबॉक्सचा सांधा आणि मधली वायर.

पंखा तसाच चालू ठेवा. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरून ठेवा, दुसरा पुढे पुढे सरकवा. फ्यूजच्या आधीची बाजू, मग फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात त्यांतला एक, मग दुसरा, मग रिलेची खाच. ज्या टप्प्यावर आकडा एकदम ०.१ वरून ६-७ वर उडी घेईल, चोर तिथेच.

फ्यूजची तार शाबूत आहे म्हणजे फ्यूज ठीक, असं धरू नका. त्याच्या पायांचा रंग आणि ज्या खाचेत तो बसतो तिचं प्लास्टिक बघा.

पूर्णाकाठ

सापडलं. फ्यूजच्या डोक्यावरचे दोन्ही ठिपके ०.१ दाखवतात. रिलेच्या ३० नंबरच्या खाचेत ६.९. म्हणजे फ्यूजच्या पुढच्या पायापासून रिलेपर्यंत. फ्यूज ओढून काढला तर एक पाय चकचकीत, दुसरा निळसर-काळा. खाचेचं प्लास्टिक त्या बाजूला तपकिरी होऊन थोडं वाकलं आहे, आणि आतल्या पितळी जिभेची पकड सैल. फ्यूज त्या बाजूला नुसता टेकलेला होता.

खाच पकडीने दाबून फ्यूज परत लावू का?

ऑटोइलेक्ट्रिक वर्धा

नाही भाऊ, दाबून ते टिकणार नाही. एकदा तापून निळी पडलेली पितळी जीभ आपली स्प्रिंग गमावते. आज दाबाल, चार दिवसांनी पुन्हा सैल. उष्णता किती होत असेल ते बघा. सांध्यावर ७ व्होल्ट पडले आणि समजा ३ अँपियर जात असतील, तर २१ वॅट त्या नखाएवढ्या जागेत तापतात. सोल्डरिंगचं छोटं आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणूनच प्लास्टिक वाकलं. सकाळी पंखा नीट फिरायचा आणि दुपारी नाही, त्याचं कारणही हेच. गार असताना जीभ थोडी टेकायची, बोनेटखाली तापली की सैल व्हायची.

खाच बदलायचा योग्य मार्ग असा. फ्यूजबॉक्स मागून उघडून ती जीभ बारीक पेचकसाने काढायची आणि त्याच मापाची नवी बसवायची. वायरचं टोक काळं पडलेलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायचं. तांबं काळं ठेवून नवी जीभ दाबली तर तोच आजार परत.

जीभ मिळाली नाही तर फ्यूजबॉक्सची ती खाच सोडून द्या. फ्यूजच्या आधीची वायर आणि रिलेच्या ३० कडे जाणारी वायर यांच्यामध्ये बंद झाकणाचा वेगळा फ्यूज होल्डर घाला. होल्डरच्या वायरही २.५ स्क्वेअर एमएमच्या असू द्या. बाजारात बारीक शेपटीचे होल्डर मिळतात, ते हॉर्नलाही पुरत नाहीत. सांधा नुसता पिळून टेप गुंडाळू नका. दाबायच्या पकडीने लग लावा, ओढून बघा, वर सोल्डर आणि हीट स्लीव्ह. होल्डर बॅटरीपासून दूर, ॲसिडची वाफ लागणार नाही असा बांधा. फ्यूज जितक्या अँपियरचा आधी होता तितकाच. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घातली तर पुढच्या वेळी प्लास्टिकऐवजी वायरिंग जळेल.

आता मोटरची कुरकुर. बुश कोरडा असला तर मोटर जास्त करंट ओढते, आणि सांधा तापायची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली असणार. मोर्शीच्या दादांनी सांगितलं तसं दोन-तीन थेंब तेल द्या, कार्बन किती उरले तेही बघून घ्या. मोटर उतरवलीच आहे तर रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली फटही साफ करा. आपल्याकडे तिथे कापसाचे तंतू, सोयाबीनचं भूस आणि गाजरगवताचं बी नमद्यासारखं बसतं. पाणी इंजिनच्या बाजूने समोरच्या बाजूला मारा, साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने पातळ पंख दुमडतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं परत बसवायला विसरू नका. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घोळत राहतो.

पूर्णाकाठ

जीभ अकोल्यात मिळाली, वायर बोटभर मागे कापून नवी बसवली. मोटरचे कार्बन ठीक होते, बुशला तेल दिलं, कुरकुर गेली. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.९, पंखा फिरताना मोटरवर १३.५. काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला की पंखा लागतो, दीड-दोन मिनिटांत बंद होतो. एसी बंद ठेवून दुपारी २५ मिनिटं उभी ठेवली, काटा हलला नाही.

आता पाण्याचं सांगा. बोअरचं पाणी काढून काय भरू, आणि किती?

नकाशावाचक अकोला

०.४ व्होल्टची तूट आहे, उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या आत असली की निश्चिंत.

पाण्याचं. तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहात. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला हा पट्टा, इथल्या बोअरचं पाणी पिकाला चालत नाही तर ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला कुठून चालणार? क्षार नळ्यांत पापुद्रा धरतात, क्लोराइड धातूला बारीक भोकं पाडतं. झाकणाच्या रबरावरचा पांढरा थर त्याचाच. कॅनचं आरओ पाणी त्यापेक्षा बरं, पण गाडीला बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणीच घाला.

या गाडीत साडेतीन लिटरच्या आसपास बसतं. थंड इंजिनवर खालचा नळ उघडून सगळं काढा. डिस्टिल्ड पाणी भरून, झाकण लावून पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालवा, तासभर थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा, विटकरी असेल तर तीन वेळा लागेल. मग दाट कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. आपल्याकडे बर्फ होत नाही म्हणून कूलंट नको असं लोक म्हणतात, पण इथे त्याचं काम गंज रोखणं आणि उकळण्याची पायरी वर नेणं हे आहे. साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं. ०.९ बारचं झाकण चांगलं असेल तर तेच पाणी ११८-११९ पर्यंत दम धरतं, निम्म्या कूलंटने आणखी वर. म्हणून झाकणही नवीन घ्या. तेवढ्याच दाबाचं, आकडा झाकणावर लिहिलेला असतो.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. वरचा होज पाईप एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग जाड कापड घेऊन तो होज दोन-चार वेळा दाबा, बुडबुडे वर येतील, पातळी खाली जाईल, भरत जा. बुडबुडे पाच-सात मिनिटांनंतरही थांबले नाहीत तर भरणं थांबवा, हेड गॅस्केटची शंका घेऊन तपासावं लागेल. थांबले तर झाकण लावा आणि पंखा दोन वेळा लागून बंद होईपर्यंत चालवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना झाकण उघडा, पाव लिटरपर्यंत कमी झालेलं दिसेल, ते भरा. पंधरा दिवसांनी पंखा फिरत असताना फ्यूजच्या ठिपक्यापासून रिलेच्या ३० पर्यंत पुन्हा मोजा. ०.१ च्या आसपास असेल तर सांधा पक्का बसला. ०.३ च्या वर गेला असेल तर जीभ नीट दाबली गेली नाही, ती परत काढून लावा.